लढाऊ माल, घरगुती माल

खोक्यातल्या पेंढ्यात हात घालून सईदभाईंनी पहिलं मातीचं चित्र बाहेर काढलं, तर ती डोक्यावर हंडा घेतलेली बाई निघाली. दुसरं काढलं, तीही हंडेवालीच. तिसरी जात्यावर बसलेली आणि चौथी ताक घुसळत होती. मग त्यांनी कोपरापर्यंत हात घातला, तळातून हाताला लागली ती चित्रं वर ओढली आणि दुकानाच्या फरशीवर मांडली. सगळ्या बायकाच. एकीच्या कडेवर मूल, एकीच्या हातात सूप, आणि एक नुसतीच लाजत उभी.

"माहरुख, जरा इकडे बघ गो," ते मुलीला म्हणाले. "माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक. ह्यात मावळे कुठे दिसतात का?"

माहरुख अकरावीत होती आणि बापाच्या कोणत्याही संकटात तिला मजा वाटायची. तिने खोका सरळ उलटा केला. "दोन बापे आहेत अब्बा. एक वासुदेव आणि एक वाणी."

"लढणारा कोण नाय?"

"वाणी लढेल की. वजनावरून."

सईदभाईंना हसू आलं नाही. महाडच्या बाजारपेठेत त्यांचं दुकान वर्षभर बांगड्या, दोरे, पिना असल्या मालाचं. पण दिवाळीआधीचे पंधरा दिवस ते फक्त किल्ल्याचं दुकान. किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं त्यांचे वडील पेणहून आणायचे, तीच रीत त्यांनी चालू ठेवली होती. आळीच्या किल्ले स्पर्धेत प्लास्टिकला बंदी होती. ती घातली होती इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या परीक्षक अरविंद सरांनी, आणि तीही सईदभाईंच्या शब्दावर. "मातीचं चित्र कमी पडू देणार नाय, सर," असं ते गेल्या दिवाळीत चारचौघांत छातीवर हात ठेवून बोलले होते. हायवेवरच्या नव्या दुकानात प्लास्टिकचे मावळे ढिगाने लागले होते. मुलं एकदा तिकडे वळली की 'चित्रवाले सईदभाई' हे नाव संपलंच. त्यांनी टेम्पोवाल्या पांडूला फोन लावला.

"पांडू, अरे खोक्यात सगळ्या बायका!"

"असणारच," पांडू म्हणाला. "त्यो घरगुती माल हाय."

"आणि मावळे?"

"त्यो लढाऊ माल. त्यो खेडला उतरवला, तुमच्या साडूंच्या दुकानात. दोन दुकानं, दोन खोके. माझ्याकडं पक्षपात नाय."

"अरे, दोन्ही खोके फोडून अर्धे अर्धे वाटायचे होते!"

"म्हंजे मी घाटात गाडी लावून बाप्ये-बाया जुळवीत बसू? टेम्पो चालवतो मी, वधूवर मंडळ नाय चालवत."

चूक तशी पांडूची एकट्याची नव्हती. पेणच्या कारखान्यात माल भरायची पद्धतच तशी होती. मावळे, पहारेकरी, तोफवाले एका खोक्यात आणि बायका दुसऱ्या खोक्यात, कारण एकत्र भरले तर मावळ्यांचे भाले लागून बायकांचे हंडे फुटतात. सिंहासनावरचे महाराज तेवढे खोक्यात नसत. त्यांना पांडू आपल्या शेजारच्या सीटवर, पट्टा लावून आणायचा आणि दोन्ही दुकानांत स्वतःच्या हाताने उतरवायचा. बाकीच्यांच्या बाबतीत त्याचा हिशेब सरळ होता.

सईदभाईंनी साडूला फोन केला. साडूची, म्हणजे मुदस्सरची, बायको आणि सईदभाईंची बायको नसीबा या सख्ख्या बहिणी, आणि दोघी साडूंची आपापल्या घरी सारखी तुलना करायच्या. त्यामुळे एक साडू अडचणीत आला की दुसऱ्याच्या आवाजात आपोआप गोडवा उतरायचा.

"सईदभाई! माल काय कडक आलाय यंदा! मावळे नुसते उडतायत."

"त्यातले अर्धे माझे आहेत, मुदस्सर."

"तुमचेच आहेत हो सगळे! पण पाठवू कसे? पांडू गेला रत्नागिरीला, आणि इकडे कशेडी घाटात ट्रेलर आडवा पडलाय. रस्ता खुला झाला की लगेच पाठवतो. उरले तर."

तेवढ्यात दुकानाच्या पायरीवर आळीतली पोरं येऊन थडकली. पुढे ओम, सातवीतला, आळीच्या सगळ्या किल्ल्यांचा स्वयंघोषित सरदार. सर्वांत मागे त्याची बहीण किरण, चिखलाची बादली घेऊन. आळीची प्रथाच होती ती. पोरींनी माती भिजवायची, पोरांनी बुरूज रचायचे आणि चित्रं मांडायची.

"काका, मावळे आले?"

"आले... म्हणजे निघालेत."

ओमने फरशीकडे पाहिलं. "आणि ह्या एवढ्या गवळणी? काका, एका गडाला एक गवळण पुरते. तीसुद्धा कोपऱ्यात, जागा उरली तर."

"असू दे की रे चार जास्त."

"गडावर नुसतं पाणीच भरत बसायचं काय? शत्रू आला तर त्याला काय ताक देणार?" पोरं खो खो हसली. मग ओम जरा गंभीर होऊन म्हणाला, "उद्यापर्यंत बघतो काका. नायतर प्लास्टिकचे आणायला लागतील. सर ओरडतील, पण किल्ला रिकामा कसा ठेवणार?"

पोरं गेली. घाबरलेल्या माणसाला जी पहिली युक्ती सुचते तीच सईदभाईंना सुचली, आणि ती घेऊन ते वर घरात गेले.

"नसीबा, तुझा हात बारीक चालतो. मेंदीचा कोन बाजूला ठेव आणि काळा रंग घे. मिशा काढायच्या आहेत."

"कुणाच्या?"

"बायकांच्या."

नसीबाने नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग ती खाली आली, तिने ब्रश घेतला आणि एका हंडेवालीला मिशी काढली. मिशी अप्रतिम उतरली, टोकाला पीळ देऊन वर वळवलेली. पण मिशीवर नथ लोंबत होती आणि डोक्यावर हंडा. चित्राकडे पाहून मावळ्याची आठवण येण्याऐवजी गॅदरिंगमध्ये ऐनवेळी साडी नेसवलेल्या पोराची यायची. तरी सईदभाईंनी धीर सोडला नाही. "जरा लांबून बघितलं तर चालेल," असं म्हणून त्यांनी आणखी चार-पाच जणींना मिशा काढायला लावल्या.

त्यांचा रंग वाळतोय तोच गोदूबाई आली. पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतली ही बाई, दर आठवड्याला महाडला येऊन दही विकायची आणि जाताना सईदभाईंच्या दुकानात तासभर बसून, एक दोऱ्याचं रीळ घेऊन, सगळ्या दुकानाला सल्ला द्यायची.

"ह्यो कोण गो?" तिने मिशीवाली हंडेवाली उचलली. "तमाशातला हाय?"

"मावळा आहे," सईदभाई पुटपुटले.

"मावळ्याला नथ?" गोदूबाईने चित्र खाली ठेवलं. मग तिची नजर जात्यावरच्या मिशीवालीकडे गेली. तिने ते चित्र डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ आणलं. "आता काय सांगू! ही थेट आमची सासू. अश्शीच बसायची, आनी मिशी पन अश्शीच. ही मी नेतंय."

"अगो मावशी, ती विकायची नाय."

"का? माझ्या सासूला कोन दुसरा घेनार हाय?" तिने चित्र पदरात गुंडाळलं. जाता जाता पायरीवरून वळून म्हणाली, "बाकीच्यांच्या मिशा पुसा रं बाबा. मी कोयती घेऊन रानात फिरतंय, त्या वक्ताला मला कोन मिशी लावतो?"

नसीबा हसून हसून खाली बसली. सईदभाईंनी मात्र निमूटपणे रॉकेलचा बोळा घेतला आणि मिशा पुसायला सुरुवात केली. दुकानाची अब्रू आपल्याच हातांनी पुसून काढतोय असं त्यांना वाटलं, आणि खरोखर रडू आलं.

माहरुख इतका वेळ ताक घुसळणारीला हातात घेऊन बसली होती. घुसळताना रवीची दोरी एका हातात आणि दांडा दुसऱ्या हातात, कंबर कसलेली, नजर समोर. तिने पट्टीने हळूच टोकून खालचा ताकाचा डेरा मोडला.

"अगो मोडतेस काय!"

"अब्बा, बघा. डेरा काढला की हिच्या हातात काय राहतं?"

सईदभाईंनी पाहिलं. दांड्याच्या टोकाला माहरुखने चॉकलेटच्या चांदीचं पान चिकटवलं. भाला घेऊन पहाऱ्याला उभी राहिलेली बाई त्यांच्याकडे रोखून पाहत होती. कारखानदाराने तिला पहिल्यापासून तशीच घडवली होती, फक्त मध्ये ताक ठेवलं होतं.

मग तिघंही कामाला लागली. डोक्यावरचे हंडे सुटे करून काळे रंगवले, ते झाले तोफेचे गोळे. हंडा सावरायला वर गेलेला हात मोकळा झाला, त्यात खराट्याच्या काडीची तलवार बसली. सूपवालीचं सूप उभं केलं की ढाल व्हायची. मूल कडेवर घेतलेलीच्या दुसऱ्या हातात नसीबाने जरा मोठीच तलवार दिली. "हिला राग जास्त असणार," ती म्हणाली.

"आणि ही उरलेली जातेवाली?" सईदभाईंना आता उत्साह चढला होता.

"तोफेची दारू दळतेय," माहरुख म्हणाली.

"आणि ही? ही तर नुसतीच लाजते."

"ही हेर. हिच्यावर कोण संशय घेणार?"

दुसऱ्या दिवशी पोरं आली. ओमने फळीवरची शिबंदी पाहिली आणि त्याचं तोंड वाकडं झालं. पण तो काही बोलायच्या आत किरण बादली खाली ठेवून पुढे आली.

"ह्या कोण मांडणार?" तिने विचारलं.

"मीच. चित्रं मी मांडतो," ओम म्हणाला.

"तू मावळे मांडतोस. ह्या बायका आहेत. तुला ह्यांना हात लावायची काय गरज?"

ओमने पुढे केलेला हात मागे घेतला. तोपर्यंत मागच्या पोरींनी, त्यात माहरुखची धाकटी मैत्रीण अम्बरीनही होती, फळी अर्धी रिकामी केली. संध्याकाळपर्यंत आळीतल्या प्रत्येक बुरुजावर पोरींनी पहारे बसवले, हेर महादरवाजाबाहेर लाजत उभी केली, आणि ओमच्या हातात बादली आली. तो चिखल कालवत होता खरा, पण इतका वाईट कालवत होता की किरणला त्याला दोनदा शिकवावं लागलं.

ही बातमी अरविंद सरांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. सर काठी टेकत आले, एक एक किल्ला पाहत गेले आणि शेवटी सईदभाईंच्या दुकानासमोर उभे राहिले. मागोमाग सगळी पोरं.

"सईदभाई, हे काय आहे? सगळ्या बुरुजांवर बायका? गडावर शिबंदी असते."

"शिबंदी जेवायला गेलीय, सर," किरण म्हणाली.

"सगळी एकदम?"

"सकाळपासून गड चढत होते बिचारे."

सरांनी तिच्याकडे दुर्लक्ष करायचा प्रयत्न केला. "माझा बायकांना विरोध नाही. पण हे चित्र एकांगी आहे. गड म्हणजे संसार असतो, तिथे समतोल हवा. किल्ल्यावर निम्मे तरी पुरुष दिसले नाहीत, तर मी तो किल्ला स्पर्धेत धरणार नाही."

"पण सर, मागच्या वर्षी सगळे बापेच होते. तेव्हा तुम्ही पहिला नंबर दिलात."

सरांचा कान लाल झाला. "मागच्या वर्षीचं मागच्या वर्षी," ते म्हणाले. "यंदापासून समतोल. माझा नियम म्हणजे नियम, मग तो कुणालाही लागू. परवा पाडव्याला मी येतोय."

म्हणजे फिरून घोडं तिथेच अडलं. आदल्या दिवशी बायकांचं काय करायचं म्हणून डोकं धरून बसलेले सईदभाई आता पुरुष कुठून आणायचे म्हणून बसले. महाराज सोडले तर जवळ एक वासुदेव आणि एक वाणी. गड तर आळीभर. त्यांनी मान खाली घालून पुन्हा साडूला फोन लावला.

"मुदस्सर, रस्ता खुला झाला ना? असतील तेवढे मावळे दे. मी पाया पडतो."

पलीकडचा गोडवा कुठेतरी गेला होता. "मावळे आहेत हो," मुदस्सर म्हणाला. "पण जरा... बदललेत."

"बदललेत म्हणजे?"

"सईदभाई, इकडे प्रत्येक गिऱ्हाईकाला विहिरीपाशी एक हंडेवाली पायजे. माझ्याकडे एक बाई नाय. शेवटी मी माती मळली आणि राहिलेल्या सगळ्या मावळ्यांच्या डोक्यावर हंडे बसवले. बापे दुकानात येतात, बघतात आणि रागावून जातात. बायका हसतात, हातात घेतात आणि नवऱ्यांकडे बघत खाली ठेवतात. विकला एक नाय."

सईदभाईंना आयुष्यात प्रथमच साडूबद्दल प्रेम वाटलं. "सगळे पाठव," ते म्हणाले.

पाडव्याला सकाळी पांडूने खोका आणून टाकला. "ह्या खोक्यात आता कुठला माल बोलू मी?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता तो निघून गेला. दुपारपर्यंत प्रत्येक गडावर समतोल झाला. बुरुजावर बायका तलवारी परजून उभ्या, आणि विहिरीपासून बालेकिल्ल्यापर्यंत मिशीला पीळ दिलेले, कमरेला शेला बांधलेले मावळे हंडे घेऊन ओळीने पाणी वाहतायत.

सर आले तेव्हा किल्ल्यांपर्यंत पोचायला त्यांना वाट मिळेना. आळीतल्याच नाही, बिरवाडीच्या कंपनीत कामाला जाणाऱ्या बायकासुद्धा घरी जाता जाता वाट वाकडी करून आल्या होत्या. त्या पाणी भरणाऱ्या मावळ्यांचे फोटो काढत होत्या आणि घरी पाठवत होत्या. सर बराच वेळ एका मावळ्याकडे बघत राहिले. त्यांना काहीतरी खटकत होतं, पण पुरुष निम्मे होते आणि नियम त्यांचाच होता. शिवाय इतकी गर्दी त्यांच्या स्पर्धेला पूर्वी कधी झाली नव्हती.

संध्याकाळी बक्षीस समारंभ झाला. आळीच्या तोंडाशी छोटं स्टेज, त्यावर खुर्च्या, आणि खुर्च्यांवर मंडळाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सर आणि मधोमध सईदभाई. पहिलं बक्षीस किरणच्या गडाला मिळालं. मग सरांनी शाल उलगडली. "स्त्रीच्या हाती शस्त्र आणि पुरुषाच्या डोक्यावर हंडा देण्याची दृष्टी ज्यांनी दाखवली," असं म्हणून त्यांनी ती सईदभाईंच्या खांद्यावर घातली. टाळ्या वाजल्या. सईदभाईंना खरं बोलायचं होतं. पण शाल मऊ होती, आणि माईक हातात आला की माणसाचं काही खरं नसतं.

"हा विचार," ते म्हणाले, "माझ्या डोक्यात वर्षभर घोळत होता."

सर्वांत मागे उभ्या असलेल्या माहरुखने आईकडे पाहिलं. नसीबाचा चेहरा अगदी शांत होता. तेवढ्यात पहिल्या रांगेतून किरणचा आवाज आला.

"सर, स्टेज एकांगी आहे."

हशा पिकला. सरांनी डाव्या बाजूला पाहिलं, उजव्या बाजूला पाहिलं. सगळ्या मिशाच. नियम कुणालाही लागू, हे त्यांनी सगळ्या पोरांसमोर सांगितलं होतं. "बरोबर आहे," ते घसा खाकरून म्हणाले. "सईदभाईंच्या पत्नीने वर यावं. दोन शब्द बोलावेत."

नसीबा वर आली. खुर्ची नव्हती, म्हणून सईदभाई उठले. ते एकटेच उभे आहेत असं बघून खालून कुणीतरी चहाची किटली आणि कागदी कपांची चळत त्यांच्या हातात दिली. शाल सावरत ते अध्यक्षांना चहा ओतू लागले.

"मी काय बोलणार?" नसीबा माईकपाशी म्हणाली. "पण खोका उघडला तेव्हा मी घरातच होते. हे वर आले आणि पहिलं काय बोलले, ते फक्त मला माहीत आहे."

सईदभाईंचं कपावरचं लक्ष उडालं. चहा खजिनदारांच्या बोटांवर, मग गुडघ्यावर. मिशा! आता ही मिशा सांगणार. वडिलांपासूनचं दुकान, सरांसमोरचा शब्द, खांद्यावरची शाल, सगळं आता एका वाक्यावर होतं. त्यांनी बायकोकडे इतक्या काकुळतीने पाहिलं, की निकाहाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

नसीबाने त्यांच्या नजरेला नजर दिली, जरा वेळ तशीच धरून ठेवली, आणि मग गर्दीकडे वळली.

"हे म्हणाले, बायका आल्या, बरं झालं. सगळं ह्यांनीच सुचवलं."

सईदभाईंनी सोडलेला श्वास माईकमध्ये ऐकू आला. ही बाई आपल्याला नशिबाने मिळाली, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

"बायकांची कळकळच आहे ह्यांना," नसीबा पुढे म्हणाली. "आमच्या घरात नळाला पाणी चढत नाही. खालच्या नळावरून दोन जिने कळशा न्याव्या लागतात. मी नेते ते ह्यांना बघवत नाही. आज सकाळीच म्हणाले, उद्यापासून पाणी मी भरणार, आणि रोज भरणार. मी नको म्हटलं हो. पण एकदा शब्द दिला की हे मागे घेत नाहीत. तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे."

टाळ्या झाल्या त्या मुख्यतः मागच्या बाजूने, जिथे बायका उभ्या होत्या, आणि त्या थांबेचनात. हा शब्द आपण दिल्याचं सईदभाईंना त्याच क्षणी कळत होतं. त्यांनी किटली हातात धरून सगळ्यांना मान लववली. दुसरं करण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. पाणी यायच्या वेळेला सईदभाई दोन कळशा घेऊन खालच्या नळावर उभे राहिले. आळीतल्या बायकांनी त्यांना आदराने पुढे जाऊ दिलं नाही. रांग म्हणजे रांग. त्यांचा नंबर आला तेव्हा मागे कुणीतरी काठी टेकत येऊन थांबल्यासारखं वाटलं. त्यांनी वळून पाहिलं.

अरविंद सर होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात घासून लख्ख केलेली तांब्याची कळशी. सर नळाकडेच बघत होते.

"आमच्या हिनं काल भाषण ऐकलं," ते म्हणाले.

सईदभाईंनी आपली कळशी बाजूला घेतली आणि सरांना जागा करून दिली.